नऊ नंबर

अक्काचा फोन आला रात्री दहाला.
म्हणाली, तू ते भुताचं गाव सांगत होतीस ना, गोव्यातलं,
जाऊ चल.

हीच ती बाई,
बारा वर्षांची होईपर्यंत न्हाणीघरात जाताना
मला दाराबाहेर बसवून पाढे म्हणायला लावायची
आणि मी थांबले की आतून ओरडायची,
सतरा साते?

मी कॅलेंडर काढलं.
दसरा गेला. कोजागिरीला तिच्या सोसायटीची मीटिंग.
नरकचतुर्दशी नको,
आदल्या रात्री तिकडे चौकाचौकात नरकासुर उभा,
जळेपर्यंत वाट देत नाही.
उरला नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार.
भातं कापून झालेली असतील,
उन्हाचा दात पडलेला असेल.
आणि चांदर,
एके काळची राजधानी,
आता एक चर्च, एक तिठा, कुशावतीचं हिरवं पाणी,
आणि किल्ला कुठे होता ते सांगणारा एक उंचवटा.

गाडी तिथे थांबते की नाही
याबद्दल वेळापत्रकाचं एक मत,
लोंढ्याच्या चौकशी खिडकीचं दुसरं.
मडगावला उतरून बसने मागे येऊ, अक्का म्हणाली,
भुतं काय तेवढ्यात निघून जाणार आहेत?

खोलीसाठी आर्मिंदाबाईंना फोन केला.
खोली आहे, म्हणाल्या,
पण रविवारी दोन तारीख, आमच्या मेलेल्यांचा दिवस,
सकाळी मी सिमितेरीत असणार मेणबत्त्या घेऊन.
चहा थर्मासात ठेवते.
मासे खाता?
मी हो म्हटलं, आणि मग आवाज उगाच खाली आणून,
ते रात्री कुणी चालतं म्हणतात, ते…

"देवचार? चालता मगो.
शेताच्या बांधावरून येतो, चर्चच्या मागून जातो, काठी आपटत.
राखणदार तो. भियेनाकात.
चपला तेवढ्या झिजतात बिचाऱ्याच्या.
कुणी नवी जोडी ठेवतं आंब्याखाली,
वर्षाने बघावं तर टाच गेलेली."
आणि त्याच दमात,
गरम पाण्याचे पैसे वेगळे नाहीत.

हे सगळं मी अक्काला जसंच्या तसं सांगितलं.
आता नको म्हणेल, असं वाटलं होतं.
तिने विचारलं, दार वाजवतो का तो?
छे, म्हटलं, दार कशाला वाजवेल.
वाजवलं तर बरं, म्हणाली.
आमच्या मजल्यावर गॅसवालासुद्धा
हल्ली फोन करून खालीच थांबतो.

मी यादी करत होते ती तशीच राहिली हातात:
टॉर्च, ओडोमॉस, तिच्या बीपीच्या गोळ्या.

शुक्रवारी संध्याकाळी ती निपाणीहून बेळगावला आली,
दोन दिवसांसाठी केवढी मोठी बॅग.
वर साड्या, मधे चिवडा,
तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही.
मी उलगडायला गेले, तर कागदावर तेलाचे डाग.

भावोजींच्या कापशी चपला.
पुतण्याच्या लग्नासाठी घेतलेल्या.
दुकानात चार पावलं चालून बघितल्या तेवढ्याच,
लग्न होतं मेमध्ये,
आणि ते गेले एप्रिलात.
तीन वर्षं कपाटाच्या खालच्या कप्प्यात,
दर दिवाळीत ती बाहेर काढायची,
पुसायची, परत ठेवायची,
हे मला तेव्हा कळलं.

नऊ नंबर आहे, ती म्हणाली.
विचार त्या बाईंना, होईल का.

काय विचारायचं हे असं?
तरी लावला फोन.
आर्मिंदाबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत,
त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली,
कुणीतरी कोकणीत कुत्र्याला हाकललं.
मग म्हणाल्या, नंबर कोणी बघितलाय. हाडात.
करकर वाजतात?

अक्काने फोन माझ्या हातातून घेतला.
वाजतात, म्हणाली.
नव्या आहेत, पहिले काही दिवस चावतील.
खोबरेल चोळलंय मी,
पण सांगून ठेवा त्याला.